चीफचा हिवाळा

सिंगापूरला हिवाळा नसतो हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. माझ्या घरमालकांना ते मान्य नव्हतं, एवढंच.

क्वीन्सटाउनच्या त्यांच्या जुन्या फ्लॅटमध्ये मी भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही, स्वयंपाकघर किती वेळ अडवणार तेही विचारलं नाही.

"गाव?"

"नागपूर."

"थंडी वाजते?"

नागपूरच्या माणसाला उन्हाबद्दल विचारावं, थंडीबद्दल कोण विचारतं? मी म्हटलं, फारशी नाही वाजत. "मग जमेल," असं म्हणून त्यांनी खोलीचं दार उघडलं. आत पलंग, कपाट, आणि खिडकीखाली ओळीनं मांडलेल्या कुंड्या. प्रत्येक कुंडीत पेन्सिलीएवढी जाड काडी आणि काडीला खालच्या अंगाला बांधलेली पट्टी, जणू बोट कापलंय.

"सफरचंदाची कलमं," ते म्हणाले. "दिवसा बाहेरच्या उघड्या कॉरिडॉरमध्ये असतात, रात्री इथं झोपतात. एसी अठरावर राहील. विजेचं मी बघीन. तू फक्त कुडकुडायचं नाही."

मी त्या खोलीत दोन ब्लँकेटं घेऊन झोपले. विषुववृत्ताच्या अंगणात राहून बारा महिने सर्दी असलेली मी एकटीच असेन. सकाळी मी बुद्धवंदना म्हणत असताना ते दाराबाहेर हात मागे बांधून उभे राहायचे आणि शेवटचा शब्द झाला की आत येऊन विचारायचे, "कशी झोपली?" हा प्रश्न मला नसायचा.

त्यांना सगळे चीफ म्हणत. मालवाहू बोटीवर ते चीफ इंजिनिअर होते. नोकरी सोडल्यावर इंजिन गेलं, चीफ राहिलं. काकूसुद्धा रागावल्या की "अहो चीफ" म्हणायच्या. आणि चीफ माणसाला त्याच्या नावानं कधी हाक मारत नसत, गावाच्या नावानं मारत. मी पहिल्या दिवशी 'नागपूर' झाले ती कायमचीच. शेजारच्या चिनी आंटीचं गाव त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून तिला ते 'पंप' म्हणत. का ते पुढं येईलच.

काकू महाबळेश्वरच्या. चीफची कंपनी सिंगापूरहून चालायला लागली म्हणून त्या इथं आल्या आणि पहिल्याच महिन्यात म्हणाल्या, "या गावात कपाटाला लोकरीचा कप्पा कशाला दिलाय?" चीफनी यावर काही बोलण्याऐवजी नर्सरीतून सफरचंदाचं झाड आणलं. गरम हवेत तग धरणारी जात आहे, असं नर्सरीवाला म्हणाला होता. तग धरते म्हणाला होता, फुलते म्हणाला नव्हता, हा फरक चीफच्या उशिरा लक्षात आला. अर्ध्या कापलेल्या तेलाच्या पिंपात त्यांनी ते झाड लावलं आणि ते बोटीवर निघून गेले. जाणं हीच त्यांची नोकरी होती. मुलीचा जन्म, सासऱ्यांचं शेवटचं दुखणं, या घराची वास्तुशांत, सगळं त्यांना फोनवर कळलं. "माझा संसार मी कानानं केला," असं ते म्हणायचे, आणि ते गमतीनं म्हणतायत की दुःखानं, ते समजायचं नाही.

मग एकदा, ते कुठल्याशा लांबच्या समुद्रात असताना, काकूंनी फोनवर सांगितलं, "झाडाला फुलं आलीयत हो."

चीफनी फोन ठेवला आणि सरळ कप्तानाकडे जाऊन राजीनामा दिला. निदान ते तसं सांगायचे. पण बोट म्हणजे काही ऑफिस नव्हे. बंदर यावं लागतं, बदली माणूस यावा लागतो. ते घरी पोचले तेव्हा झाडावर नुसती पानं होती. "गळली. फुलं काय कुणाची वाट बघतात?" काकू म्हणाल्या. चीफ बॅग न उघडता पिंपापाशी बराच वेळ उभे राहिले. त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास लागला. हे झाड पुन्हा फुलवायचं, आणि या खेपेला आपण हजर असायचं.

बोटीवर जावा बेटाचा एक खलाशी होता. त्याच्या गावाकडे डोंगरात सफरचंदाच्या बागा होत्या आणि हिवाळा तिथंही नव्हता. तो सांगायचा, तिथले लोक झाडाची सगळी पानं हातानं काढून टाकतात. झाडाला वाटतं, पानगळ झाली, थंडी येऊन गेली, आता फुलायला हरकत नाही. थोडक्यात, झाडाला बनवायचं. घरी आल्यावर पहिल्याच वर्षी चीफनी ते केलं, पण केलं इंजिनिअरच्या घाईनं. एका ओल्या दुपारी मुठीमुठीनं पानं ओरबाडली. जिथून जिथून पान निघालं तिथं तिथं उघडी जखम राहिली, तिच्यावर पाऊस पडला, आणि पावसाबरोबर बुरशी आत शिरली. फुलं आलीच नाहीत. काही महिन्यांनी खोडाची साल एका जागी खचली आणि भोवती भेगांची कडी उठली. कँकर. तो एकदा खोडात घुसला की आतल्या आत झाडाला वेढा घालतो. वरून झाड हिरवं दिसतं आणि आतून त्याचा गळा आवळत असतो.

"झाड मारायला कुऱ्हाड लागत नाही," चीफ म्हणायचे, "ओलं बोट पुरतं."

ओलं बोट त्यांचंच होतं, हे ते कधी बोलले नाहीत. पण मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा ते जगातले सगळ्यात कोरडे गृहस्थ झाले होते. थोरलं झाड आज ना उद्या जाणार हे त्यांना कळलं होतं. म्हणून ते बाजारच्या सफरचंदांच्या बिया ओल्या कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये कोथिंबिरीशेजारी ठेवायचे, त्यांची रोपं करायचे, आणि थोरल्या झाडाच्या शेंड्याकडची निरोगी काडी त्या रोपांवर बांधायचे. झाड गेलं तरी झाडाचा वंश राहावा. प्रश्न एकच होता, ती बुरशी या पोरांना लागू द्यायची नाही.

त्यासाठी त्यांचा मंत्र होता. दिवस कोरडा, हात कोरडा, जखम कोरडी. कलमाचा चाकू प्रत्येक कापाआधी स्पिरिटनं पुसायचा. एका फांदीवरून दुसरीवर जाताना पुन्हा पुसायचा. तो चाकू एका डब्यात, डबा एका पिशवीत, पिशवी देव्हाऱ्याखालच्या खणात. काकूंनी एकदा घाईत त्या चाकूनं कलिंगड कापलं. चीफ ओरडले नाहीत, काही नाही. दोन दिवस जेवताना फक्त फळांकडे बघून निःश्वास टाकत होते. आणि कोरडा दिवस? सिंगापूरमध्ये कोरडा दिवस शोधणं म्हणजे मासळीबाजारात शाकाहारी शोधणं. रोज सकाळी ते कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन समोरच्या अलेक्झांड्रा रस्त्यावरच्या ऑफिसांवरचं आभाळ न्याहाळत, नाकानं हवा ओढत, आणि परत येऊन काकूंना सांगत, "आज नको." आज नको, आज नको, असे आठवडेच्या आठवडे जात. त्यांना घाई नसे. पहाटेच्या त्या निळसर उजेडात लेंगा आणि बनियनवर उभा असलेला तो उंच माणूस अजून बोटीच्या कठड्याशीच उभा आहे असं वाटायचं, आणि समोरचे टॉवर हळूहळू सरकतायत असंही.

शेजारच्या आंटीचं आणि त्यांचं हाडवैर होतं. आंटी भली बाई. आपल्या झाडांना पाणी घालता घालता ती हातपंपातला उरलेला फवारा प्रेमानं चीफच्या कलमांवर मारायची. पानांवर पाणी म्हणजे बुरशीला आवतण. चीफ धावत बाहेर यायचे.

"आंटी, नो वॉटर ऑन लीफ! ओन्ली रूट!"

"प्लांट थर्स्टी, ला. यू सो स्टिंगी."

शेवटी चीफनी प्रत्येक कलमावर एकेक पारदर्शक छत्री बांधली. मी संध्याकाळी लॅबमधून परत यायचे तेव्हा लिफ्टच्या दारातून ती रांग दिसायची. वाऱ्यानं छत्र्या जराशा डोलत असायच्या आणि त्यांच्याखाली ती बोटभर झाडं कुणाची तरी वाट बघत उभी. मला दिवसभराचा शीण तिथं उतरल्यासारखा वाटायचा. त्या छत्र्यांवर माझं प्रेम होतं, हे सांगायला मला काही लाज नाही.

त्यांची सगळ्यात मोठी फजिती झाली ती मी राहायला आल्यावर पहिल्याच वर्षी. बोटीच्या बुडाला शिंपले चिकटू नयेत म्हणून तांब्याचा लाल रंग देतात. बुरशीलाही तांबं सोसत नाही. द्राक्षवाले मोरचूद फवारतात ते उगाच नाही. चीफनी दोन अधिक दोन चार केले, ओळखीच्या एका गोदीतून तो रंग डबाभर आणला आणि सगळ्या कलमांचे जोड लालभडक रंगवून टाकले. बोटीच्या माणसाशिवाय ही चूक कुणाला सुचणार नाही. त्या रंगात तांब्याबरोबर आणखीही जहाल माल असतो. आठवड्याभरात सगळी कलमं करपली. चीफ भिंग घेऊन त्यांच्यावर वाकले आणि म्हणाले, "पण बघ, बुरशी एकालाही नाही."

"मेलेल्याला आजार होत नसतो हो," काकू म्हणाल्या.

मला वाईट वाटलं म्हणून मी सांगितलं, की आमच्याकडे संत्र्याच्या खोडाला मोरचूद आणि चुन्याचं निळं मलम लावतात, साल जळत नाही. चीफनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "नागपूर," म्हणाले, "तुझ्याकडे बंदर नाही, पण डोकं आहे." पुढच्या खेपेपासून मलम कालवायचं काम माझ्याकडे आलं. चाकू मात्र नाहीच.

रविवारी काकू त्यांना ईस्ट कोस्टला घेऊन जायच्या, कधी मीही जायचे. तिथं लोक सायकली चालवतात, मुलं वाळूत खेळतात. चीफ बाकावर बसून नांगरलेल्या बोटींची लांबलचक रांग बघायचे आणि धुरावरून त्यांची दुखणी सांगायचे. "ती निळी. तिचा जनरेटर खोकतोय." मी एकदा विचारलं, "चीफ, परत जावंसं वाटतं?" ते म्हणाले, "मी तिथं होतो तेव्हा घरी जावंसं वाटायचं, ते अजून संपलेलं नाही." काकूंनी पर्समधून शेंगदाणे काढून त्यांच्या हातावर ठेवले.

माझ्या तिथल्या शेवटच्या वर्षी चिनी नववर्षानंतर कोरडे दिवस आले. खरोखरीचे कोरडे. आभाळ स्वच्छ, पायरीवर धूळ. चीफनी थोरल्या झाडाची पानं काढायला घेतली, पण या वेळी ओरबाडून नाही. कात्रीनं एकेक पान कापायचं आणि देठ तसाच ठेवायचा. "देठ झाड आपणहून टाकतं," ते सांगायचे, "आणि जाताना मागचं दार लावून घेतं." जिथं देठ गळला तिथं कान कोरायच्या काडीनं निळ्या मलमाचा ठिपका. कितीतरी दिवस हे चाललं होतं. हळूहळू क्वीन्सटाउनच्या भर उन्हात एक नागडं, निळ्या ठिपक्यांचं झाड उभं राहिलं. बाकी सगळीकडे हिरवं रान आणि इथं, आमच्या दारात, पानगळ.

आंटी हळहळली. "अंकल, यू किल इट ऑलरेडी, इज इट?"

"नो, आंटी. विंटर."

"सिंगापूर नो विंटर, ला!"

मार्चच्या शेवटी फांद्यांच्या टोकांना राखाडी गाठी फुगल्या. मी भिंगातून पाहिलं, आत गुलाबी टोक होतं. चीफनी पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं. मग त्यांनी नेहमीप्रमाणे हवा हुंगली, आणि त्यांचा चेहरा उतरला. सुमात्राकडून वारा सुटला होता. दोन-तीन दिवसांत वादळी पाऊस येणार, हे आता रेडिओवरही सांगत होते.

आणि पाऊस म्हणजे काय, ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. थोरल्या झाडाच्या खोडातला कँकर पावसात जागा होतो. थेंबांबरोबर त्याची बी उडते. त्याच कॉरिडॉरमध्ये छत्र्यांखाली कलमं होती, त्यांच्या पट्ट्या नुकत्याच सोडलेल्या, जोड अजून कोवळे. वादळी पाऊस आडवा येतो, तिथं छत्री काय करणार? आत ठेवावी, तर खोलीची खिडकी अंधारी, उजेडाविना मरतात. पिंप हलवायला चार माणसं लागली असती आणि लिफ्टच्या दारातून ते गेलंही नसतं. नियम चीफनीच केलेला होता. रोगट झाड पावसाआधी कापायचं. दया केली की पोरं गेली.

माझी त्याच आठवड्यात निघायची गडबड होती. इतके दिवस भारतातच असलेल्या माझ्या नवऱ्याची बदली सिंगापूरला झाली होती, आम्ही वुडलँड्सला भाडं परवडेल असा फ्लॅट घेतला होता. मी खोक्यांना पट्ट्या लावत होते, तेव्हा चीफ करवत पुसत बाहेर गेलेले दिसले. खूप वेळ आवाज आला नाही म्हणून मी दारात गेले. ते झाडासमोर उभे होते. करवत खोडाला लावलेली होती, हात हलत नव्हता.

काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी झाडाकडे पाहिलं, चीफकडे पाहिलं आणि कप कठड्यावर ठेवला.

"कापा," म्हणाल्या.

"चार दिवसांत उमलेल गं."

"चार दिवसांत पोरं जातील. तुम्हीच म्हणता ना?"

"तू एकदा पाहिलंयस. मी नाही पाहिलं."

काकूंनी कठड्यावरचा कप जरा आत सरकवला. मग अगदी साध्या आवाजात, दूध नासलं हे सांगावं तशा म्हणाल्या, "मीही नाही पाहिलं. याला कधी फुलं आलीच नव्हती. तुम्ही प्रत्येक वेळी आणखी एक खेप, आणखी एक खेप करत होता. काहीतरी सांगायला हवं होतं, तुम्ही याल असं. आता कापा. त्या फुलांसाठी पोरं मारू नका, ती फुलं नव्हतीच."

मी दाराच्या आड सरकले. जायला हवं होतं, पण पाय निघेना.  चीफनी करवतीच्या दात्यांवरून अंगठा फिरवला, काकूंकडे पाहिलं, मग फांदीच्या टोकाकडे.

"म्हणजे कधीच नाही?"

"नाही."

"मग हे पहिलंच."

त्यांनी करवत खाली ठेवली.

"नागपूर!" त्यांनी हाक मारली. "तुझी व्हॅन केव्हा येतेय?"

"उद्या सकाळी."

"आज बोलाव."

ज्या माणसानं कुणाला चाकूला हात लावू दिला नाही, त्यानं दुपारी सगळी कलमं माझ्या नावावर केली. लिफ्टमध्ये, पोर्चमध्ये, व्हॅनच्या दाराशी सूचनांचा भडिमार चालू होता. पाणी मुळाला, पान कोरडं, वारा हवा पण झोत नको. शेवटची कुंडी ते हातातून सोडेनात. काकूंनी त्यांची बोटं हळूच सोडवली. अलेक्झांड्राच्या चौकात व्हॅनच्या काचेवर पहिले थेंब पडले, आणि मी कुंड्यांवर माझी ओढणी पसरली. गाडी सगळीकडून बंद होती, तरी पसरली.

वुडलँड्सच्या खिडकीत मी ती कलमं ठेवली. रोज फोन करायचे. "आलं का फूल?" "अजून नाही." मग काही दिवस कुणी फोनच उचलला नाही. पावसानं कळ्या गेल्या असणार असं मी समजले आणि मीही करणं थांबवलं.

मे महिन्यात एका सकाळी मला एका कलमाच्या जोडाखाली साल जराशी खचलेली दिसली. मी दुसरं बघितलं. मग सगळीच उन्हात नेऊन बघितली. एकही सुटलं नव्हतं. त्या पावसाचा दोष नव्हता. बुरशी आईच्या काडीतूनच आली असणार, आधीपासून आत दडून. मी रडत रडतच व्हिडिओ कॉल लावला. चीफनी एकेक कुंडी कॅमेऱ्याजवळ आणायला लावली, प्रत्येकीकडे सावकाश पाहिलं.

"काढून टाक," म्हणाले. "पिशवीत बांधून टाक, उघड्यावर नको. हात धू."

"चीफ, मी सगळं कोरडं ठेवलं होतं हो. शपथ."

"ठेवलं असणार. रडतेस कशाला? थोरलंही कापलं मी. पाकळ्या पडल्यावर."

म्हणजे फुललं होतं. माझं रडं थांबलं. मी म्हटलं, मला फोटो तरी पाठवायचात.

"फोटो काढायला उठलो असतो, तर तेवढा वेळ बघायचं राहिलं असतं," चीफ म्हणाले. "सकाळी खुर्च्या टाकून बसलो आम्ही दोघं. ही स्वेटर घालून बसली होती. त्या पंपनं आम्हाला पाव आणून दिला. दुपारपर्यंत बसलो. पांढरी फुलं, नागपूर. कळी गुलाबी, पण उमलली की शुभ्र पांढरी."

"पांढरी कुठली?" मागून काकूंचा आवाज आला. "कडेला गुलाबीच राहिली होती."

"तुझ्या बाजूला ऊन होतं, म्हणून वाटलं तसं."

"आणि तुमच्या नाकावर चष्मा नव्हता! गुलाबी होती."

"पांढरी."

फोन टेबलावर ठेवला गेला असावा, मला आता फक्त छत आणि फिरणारा पंखा दिसत होता. कॉल चालू आहे हे दोघंही विसरले होते. मी कुंड्यांशेजारी जमिनीवर बसले आणि ऐकत राहिले.

"मला काय सांगतेस?" चीफ आवाज चढवून म्हणत होते. "मला नको सांगूस. मी स्वतः होतो तिथं."